देखरेखीखाली

आमच्या घुमीला नोकरी मिळत नव्हती, आणि त्याला कारण मी होते. हे कळायला मला दहा महिने लागले. तोवर मी सगळ्या जगाला शिव्या घालून घेतल्या होत्या.

घुमी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी. लहानपणी दहा प्रश्न विचारले तरी तोंडातून एक शब्द काढायची नाही, म्हणून घुमी. तिचं खरं नाव दाखल्यावर आहे, घरात ते कुणी घेत नाही. मी तिची आत्या. लग्न केलं नाही, भावाच्या घरात राहिले आणि एकतीस वर्षं सरकारी हॉस्पिटलात काढली. आधी वॉर्डात होते, आणि शेवटची चौदा वर्षं त्याच हॉस्पिटलच्या नर्सिंग कॉलेजात मुलींना काम शिकवत होते. वर्गात फळ्यासमोर उभी राहणारी ती बाई वेगळी. रुग्णाच्या कॉटपाशी मुलीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहणारी, ती मी. मुली मला पाठीमागे 'घार' म्हणायच्या. मला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही.

घुमी नर्सिंगला आली ती माझ्यामुळेच. शेवटची दोन वर्षं ती माझ्याच हाताखाली होती. कॉलेजात 'मॅडम, तुम्ही' आणि घरी 'आत्या, तू' हा नियम मीच घालून दिला होता. आम्ही एकाच बसने घरी यायचो आणि गल्लीत शिरलो की मॅडमची आत्या व्हायची. माझ्या निवृत्तीच्या वर्षीच तिचा निकाल लागला. पहिल्या पाचांत आली. मी निर्धास्त घरी बसले. नर्स कुठे लागत नाही? महिनाभरात पोरगी कामाला लागेल, असं मी चारचौघांत सांगूनही टाकलं.

नर्स सगळीकडे लागते, पण नवी नर्स कुणालाच नको असते. बहुतेक जाहिरातींत 'किमान एक वर्षाचा अनुभव' असं आधीच छापलेलं. उरलेल्या काही हॉस्पिटलांत नव्या मुलींसाठी राखीव जागा असतात. तिथे घेऊन शिकवतात, पण त्यालाही अट असते: निकाल लागून बारा महिने झालेले नसावेत. म्हणजे ते वर्ष एकदा उलटलं की मुलगी नवीही राहत नाही आणि अनुभवीही होत नाही. मग ती औषधाच्या दुकानात नाही तर कुणाच्या तरी आजारी सासूपाशी बसते, आणि चार वर्षं शिकलेलं हळूहळू विसरते. माझ्या हाताखालून गेलेल्या किती तरी मुलींचं असं झालेलं मी पाहिलं होतं. 'जिद्द नाही पोरींत,' असं तेव्हा मी म्हणायचे.

आमच्या शहरातली दोन मोठी हॉस्पिटलं त्या वर्षी भरती बंद करून बसली होती. तेव्हा घुमीनं प्रत्येक अर्जावर लिहायला सुरुवात केली, 'कुठेही येण्याची तयारी आहे.' आणि ती नुसती लिहिण्यापुरती नव्हती. एक निळी बॅग भरून दाराआड उभी केलेली असायची. डोंगराळ गावातल्या हॉस्पिटलला अर्ज गेला की वहिनी बॅगेत स्वेटर कोंबायची. समुद्रकाठच्या गावाला गेला की स्वेटर बाहेर आणि सुती कपडे आत. "वन्सं, यंदा एवढ्या वेळा घडी घातलीये ना, त्या स्वेटरला न घालताच भोकं पडतील," असं ती मला म्हणायची. सुरुवातीला आम्ही हसायचो. पुढे पुढे वहिनीनं बॅग उघडणंच सोडून दिलं.

घुमी अर्जांची नोंद एका वहीत ठेवायची. दहाव्या महिन्यात आकडा त्र्याहत्तरवर गेला होता. उत्तरं आली चार, त्यातली तीन नकाराची. पोस्टमन, फोन, गल्लीतलं कॉम्प्युटरचं दुकान, सगळीकडून ती हात हलवत परत यायची आणि 'काही नाही' एवढंच म्हणायची. तिच्या वर्गातल्या मुली एकेक करून लागत होत्या. शेवटून तिसरी आलेलीसुद्धा लागली. मी आधी वशिल्याला दोष दिला, मग सरकारला, मग त्या शेवटून तिसरीच्या मामाला. घुमी रात्रीची जेवेनाशी झाली. केस विंचरायची नाही. एकदा मी नुसतं "आज काही आलं का गं?" असं विचारलं, तर हातातलं ताट तसंच ओट्यावर ठेवून आत निघून गेली.

चौथं उत्तर इंटरव्ह्यूचं होतं. बसनं नऊ तासांवरच्या गावाला. मी बरोबर गेले. जाणारच होते, तिला एकटीला कसं सोडायचं? बाहेरच्या बाकावर बसले, दार अर्धवट उघडं होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं.

"इथे तुमचं कोण आहे?" एका माणसानं विचारलं.

"कुणी नाही, सर."

"मग कशाला येताय एवढ्या लांब?"

"कामासाठी, सर. मी कुठेही जायला तयार आहे."

"हां, हेच तर. कुठेही यायला तयार असलेल्या मुली वर्षभरात कुठेही निघून जातात."

आतले सगळे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मूग गिळून बसले. दहा मिनिटांत ती बाहेर आली. पाठोपाठ कारकून आला आणि तिचे कागद माझ्याच हातात देऊन गेला, मी तिची आई आहे असं समजून.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. करायला काही नव्हतं म्हणून मी ते कागद चाळत होते. तिचा फॉर्म मी कधी पाहिलेला नव्हता. मी शिकवलेली मुलगी, तिचा फॉर्म काय बघायचा, अशी माझी ऐट. फॉर्मच्या तिसऱ्या पानावर एक तक्ता होता. डावीकडे बेचाळीस कामं: बीपी मोजणे, इंजेक्शन देणे, सलाईन लावणे, जखमेची पट्टी बदलणे, बाळंतपणात मदत करणे, असं सगळं. पुढे तीन रकाने. 'फक्त पाहिले आहे', 'देखरेखीखाली केले आहे', 'स्वतंत्रपणे करते'. बेचाळीसच्या बेचाळीस खुणा मधल्या रकान्यात होत्या. ओळीनं, मोजपट्टी धरून केल्यासारख्या.

"घुमे, हे काय भरलंयस?"

"जे खरं ते."

"सगळ्या फॉर्मवर असंच भरलंस? त्र्याहत्तर?"

"हा तक्ता सगळीकडे असतो. हो, असंच."

"अगं बाई माझे, हे वाचून कोण घेईल तुला? बीपी मोजायलासुद्धा हिच्या शेजारी माणूस उभं करावं लागतं, असा अर्थ होतो याचा!"

तिनं डोकं परत खिडकीला टेकलं. ही भाषा कुठून आली ते मला माहीत होतं. शिकताना मुलींकडे प्रात्यक्षिकांची वही असते. प्रत्येक कामापुढे शिकवणारीची सही लागते. पहिल्याच दिवशी मी बजावायचे, "विद्यार्थिनी स्वतःहून काही करत नसते. जे काही कराल ते माझ्या देखरेखीखाली, आणि लिहाल तेही तसंच. 'मी केलं' असं कुणी लिहिलं तर वही फाडून टाकीन." एकीची फाडलीही होती. पण ते शिकण्यापुरतं होतं. परीक्षा झाली, नोंदणी झाली, की मुली ते आपोआप सोडून देतात आणि तिसऱ्या रकान्यात बिनधास्त खुणा करतात. हे कुणी सांगावं लागत नाही. घुमीला सांगायला हवं होतं.

घरी पोचल्यावर मी फर्मान सोडलं. उरलेल्या दोन महिन्यांत सगळीकडे नव्यानं अर्ज जाणार, आणि खुणा तिसऱ्या रकान्यात होणार. भाऊ आणि वहिनी समोरच होते. घुमी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मी खोटं लिहिणार नाही."

घरात, स्वयंपाकघराच्या दारात, ती मला मॅडम म्हणाली. वहिनीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"खोटं काय त्यात? सलाईन लावता येतं ना तुला?"

"माहीत नाही. माझ्या प्रत्येक सुईवर तुमचा हात होता. बाकीच्या मुलींना तुम्ही काम सांगून पुढच्या कॉटकडे जायचात. माझ्यापाशी थांबायचात. तिसऱ्या वर्षी लहान मुलांच्या वॉर्डात शीर मला सापडली होती, सुई आत जात होती, आणि तुम्ही वरून माझं मनगट धरलंत. आठवतंय? मी एकटी असले तर माझा हात चालेल की नाही, हे मलाच ठाऊक नाही. मग तिसऱ्या रकान्यात काय म्हणून खूण करू?"

एवढं लांब ती जन्मात बोलली नव्हती. आणि ते खरं होतं. भाचीला मार्क वाढवून दिले असं कुणी म्हणू नये म्हणून मी तिच्या प्रत्येक कामावर डोळ्यांत तेल घालून उभी राहायचे. तिच्या हातून चूक झाली तर माझं नाक कापलं जाईल, ही भीती वेगळीच. पण तेव्हा यातलं काही मी कबूल केलं नाही. मी म्हणाले, "चार वर्षं तुझ्यासाठी झिजले, त्याचे हे पांग फेडलेस." ती आतल्या खोलीत गेली आणि तिनं कडी लावून घेतली.

माझा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. माणसं लिफ्टमध्ये अडकली की दुरुस्तीपेक्षा आधी त्यांच्याशी बोलत राहायचं असतं, म्हणजे आतली माणसं हातपाय गाळत नाहीत. तो खोलीबाहेर जमिनीवर बसला आणि दाराशी बोलत राहिला. सकाळी कुठल्या इमारतीत गेला होता, वायर कशी झिजली होती, चौथ्या मजल्यावरचे आजोबा लिफ्टमध्येच कसे झोपी गेले होते. नोकरीचं अवाक्षर नाही. तासाभरानं आतून कडी निघाली. मी मात्र तिच्या वाटेला गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार होते?

त्यानंतरचा महिना कसा गेला ते विचारू नका. घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. कॅलेंडर मी भिंतीवरून काढून कपाटात टाकलं, तर वहिनीनं ते परत लावलं, "तारीख लपवून काय होणार आहे, वन्सं?" घुमीनं आणखी अकरा अर्ज केले. शेवटचा एका छोट्या बाळंतपणाच्या हॉस्पिटलला. एक दिवस आणि एक रात्र गाडी, पुढे पाच तास बस, असं ते गाव. नव्या मुलीसाठी एकच जागा. फॉर्ममध्ये तोच तक्ता, आणि तिनं खुणाही त्याच मधल्या रकान्यात केल्या. 'आपल्या कामाबद्दल कोण सांगू शकेल' या ओळीवर तिनं माझं नाव आणि नंबर लिहिला. तिचं हे मला आजही कळत नाही. माझ्यावर एवढी चिडलेली असूनही तिला दुसरं कुणाचं नाव लिहावंसं वाटलं नाही.

वर्ष संपायला सोळा दिवस उरले असताना फोन आला. मी शेंगा निवडत बसले होते. त्या हॉस्पिटलच्या मेट्रन बोलत होत्या. आवाज माझ्याच वयाच्या बाईचा, घाईतला.

"सिस्टर, या मुलीला तुम्ही शिकवलंत ना? फॉर्म विचित्र आहे, पण मार्क चांगले आहेत म्हणून फोन केला. सरळ विचारते. आमच्याकडे एका पाळीला एकच नर्स असते. डॉक्टर यायला कधी कधी अर्धा तास लागतो. तेवढा वेळ ही एकटी निभावेल का? तिला एकटीनं काम करताना तुम्ही स्वतः पाहिलंय का?"

एक 'हो' म्हटलं असतं तर काम झालं असतं. जिभेवर आलंही होतं. पण एकतीस वर्षांत न पाहिलेल्या कामापुढे मी कधी सही केलेली नाही. आणि हे मी पाहणार तरी कशी होते? मी शेजारी असताना ती एकटी नव्हती, आणि ती एकटी पडेल अशी वेळ मी येऊच दिली नाही.

"नाही पाहिलं," मी म्हणाले. "मी तिला कधी एकटं सोडलंच नाही. बाकीच्यांना सोडलं, हिला नाही. तिच्यात काही कमी आहे म्हणून नव्हे. माझी भाची आहे ती, मी घाबरत होते. तिची मुळीच चूक नाही यात, माझी आहे."

"खरं सांगितलंत, बरं झालं," मेट्रन म्हणाल्या. "पण मला आत्ता कामाचे हात हवेत हो. शिकवायला माझ्याकडे माणूस नाही." आणि त्यांनी फोन ठेवला.

घुमी कॉम्प्युटरच्या दुकानातून आली तेव्हा मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. त्यांनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, एकही शब्द न लपवता. ती भांडेल, रडेल, मला वाटेल ते बोलेल, याची मी तयारी केली होती. ती म्हणाली, "बरं." मग उठून हात धुतले आणि जेवायला बसली. तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरात नव्हती, आणि बॅगही नव्हती. अर्जांच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'कामासाठी जातेय. पोचले की कळवीन. कुणी मागे येऊ नका.' फोन लावला तर बंद. कुठे गेली, कुणाकडे गेली, काही नाही. भाऊ स्टँडवर जाऊन आला, तिच्या दोन मैत्रिणींकडे जाऊन आला. संध्याकाळी माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, काल तू नक्की काय सांगितलंस तिला?" उभ्या जन्मात तो माझ्याशी चढ्या आवाजात बोललेला नाही, तेव्हाही बोलला नाही. मला मात्र जमीन दुभंगावी असं झालं. त्या दोन दिवसांत माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहवत नाही. हॉस्पिटलात मी काय काय आलेलं पाहिलेलं आहे. वहिनी दाराकडे तोंड करून बसून राहायची, पाणीसुद्धा नको म्हणायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. त्याच मेट्रन होत्या.

"सिस्टर, तुमची भाची माझ्याकडे आहे."

मला बसायला खुर्चीही दिसेना. भिंतीला टेकून खाली बसले. "बरी आहे ना?"

"बरी आहे हो. काल दुपारी दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, तुला बोलावलं कुणी? म्हणाली, कुणी नाही, पण एक पाळी मला करू द्या आणि मग नाही म्हणा. हाकलणारच होते मी. तेवढ्यात दोन बायका एकदम आल्या. माझी दुसरी नर्स रजेवर, डॉक्टर वाटेत. एकीपाशी मी अडकले, दुसरीकडे हिला पाठवावंच लागलं. तासाभरानं जाऊन बघते तर सलाईन लावलेलं, बीपीच्या नोंदी वेळच्या वेळी लिहिलेल्या, बाई शांत पडलेली आणि ही तिच्या पोटावर हात ठेवून कळा मोजत बसलेली. शेजारी काळं कुत्रं नव्हतं. मी विचारलं, अशी एकटीनं सलाईनं किती लावलीस आजवर? तर म्हणते, हे पहिलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकताय ना? ठेवतेय मी तिला. आज कागद केले, तारखेच्या आत बसतंय. घरी फोन कर म्हटलं तर म्हणाली, पाळी संपल्यावर करते. म्हणून म्हटलं, आपणच कळवावं, तुमचा जीव टांगणीला लागला असेल." मग त्यांनी विचारलं, "तिच्याबद्दल काही सांगून ठेवायचंय का मला?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. ती वेळेवर जेवत नाही. शीर लवकर सापडली नाही की ओठ चावते. कुणी ओरडलं की दोन दिवस बोलत नाही, तेव्हा तिच्यावर ओरडू नका. सगळं ओठांवर आलं होतं. भाऊ आणि वहिनी माझ्यासमोर येऊन उभे होते, माझ्या तोंडाकडे बघत.

"नाही," मी म्हणाले, "काही नाही."